वैजयंतीचं बारसं

मळ्यातलं घर, चाकण
३ नोव्हेंबर २०२५

अनू पोरी,

तुज्या आत्याचा आशीर्वाद. हितं समदी बरी हायेत, म्हंजे मी, तुजा बाप कोंडा आन म्हस. बिघडलाय त्यो टीव्ही.

परवा साडेसातला कोंडानं टीव्ही लावला तर पडदा पांढरा, आन त्याच्यावर लिवलेलं की हा टीव्ही तुमच्या घरातला दिसत न्हाई, कोड टाका. तुजा बाप लई येळ त्या अक्षराकडं बघत बसला. भिंतीवर टांगून सात वर्सं झाली, आन म्हनं घरातला न्हाई. मग म्हनला, केबलवाल्याला सांगाया पायजे. त्याला अजून वाटतंय की ते मालिका-सिनेमाचं ऍप केबलसंगंच येतं. तुज्या पगारातनं तू घेतलंस, तुज्या खात्यावर चालतंय, ह्ये मी कवाच बोलले न्हाई. तूबी नको बोलूस. तसं तुला बोलायला हाय कोन म्हना.

तू न सांगता गनराजसंगं लगीन केलंस आन कोंडानं बोरच्या नळाखाली बसून तुज्या नावानं आंघोळ केली, त्याला चार वर्सं झाली. त्या दिशी त्यानं मला तुळशीवर हात ठिवून शपथ घातली, अनूशी बोलायचं न्हाई. माज्या पाठचा भाऊ, पर शपथ ती शपथ. मी बोलत न्हाई. लिवायचं न्हाई असं त्यो म्हनला न्हवता, आन मीबी इचारलं न्हाई. साक्षरतेच्या वर्गात तीन हिवाळं बसले, त्याचा कायतरी उपेग झाला पायजे.

आता मुद्द्याचं. येत्या २१ तारखंला टीव्हीवर 'वैजयंतीचा संसार' परत येतोय. तू शाळंत व्हतीस तवा रोज साडेसातला लागायचा. वैजयंती सासरच्या समद्यांचं करून करून दमायची, आन शेवटाला नवऱ्यानं दुसरी केली म्हनून घाटातनं गाडीसकट दरीत गेली. आळीतल्या बाया दोन दिस नीट जेवल्या न्हाईत. तुजा बापच म्हनला, एवढं वाटतंय तर दहावा रीतसर करा, नुसतं डोळं पुसून काय व्हतंय. करून घेतला त्यानंच, नदीवर. कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं तरी शिवंना. शेवटी शालनबाई हात जोडून म्हनली, बाई, तुज्या सवतीचं आमी एक अक्षर ऐकनार न्हाई आन तिचं त्वांड बघनार न्हाई. तवा कावळा आला. आळीनं त्याच दिशी मालिका सोडली, ती आजपत्तुर सोडलेली हाय.

मेलेल्या बाईचा संसार कसा काय दावत्यात, ते आमाला बघायचंय. तवा त्यो कोड पत्रात लिवून पाठव. पत्र अंगनवाडीच्या रुपालीच्या पत्त्यावर टाक. घरच्या पत्त्यावर टाकलंस तर पोस्टमन तुज्या बापाच्याच हातात दिईल.

तुजी न बोलनारी,
ठकू आत्या


मोशी
८ नोव्हेंबर २०२५

आत्या,

लांबूनच पाया पडते.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनने तुझं पत्र उलटंपालटं करून बघितलं आणि मगच हातात दिलं. बँकेची सोडून कुणाला पत्र आलेलं त्याने इथे बघितलं नव्हतं.

कोड पत्रातून पाठवता येत नाही गं. तो माझ्या फोनवर येतो आणि पंधरा मिनिटांत वाया जातो. पोस्टाला मोशीहून चाकणला पोहोचायला चार दिवस लागतात. तर असं कर. मंगळवारी तात्या भजनाला गेले की रुपालीला फोन घेऊन टीव्हीसमोर उभी कर. मी तिला आकडे सांगते, ती रिमोटवर दाबेल. तू शेजारी उभी राहा, पण बोलू नकोस. फोनवर बोललीस तरी ते बोलणंच. एकदा कोड घातला की दोन आठवडे चालतं, मग परत विचारतं. प्रत्येक वेळी असंच करू.

वैजयंतीचं म्हणशील तर मला त्यात काही दम वाटत नाही. हल्ली कुणाला नवीन सुचत नाही, म्हणून जुनंच उकरतात. आमच्या कंपनीतही जुन्याच गाडीला नवा बंपर लावतात आणि वर फुगे बांधून नवीन मॉडेल म्हणून बाहेर काढतात. तो बंपर मीच तपासते, म्हणून सांगते.

पण खातं मी मुद्दामच चालू ठेवलंय. का, ते तुला सांगायला हरकत नाही. माझ्या फोनवर ते उघडलं की दिसतं, तात्यांनी काल काय बघितलं आणि कुठे थांबवलं. कधी कुस्तीचा सिनेमा, कधी समुद्रातल्या माशांचा कार्यक्रम, तो अर्ध्यात सोडलेला. श्रावणात आठवडाभर त्यातलं काहीच हललं नाही. तेव्हा मी कंपनीत दोनदा वाकडा पार्ट पास केला आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. मग एका संध्याकाळी मासे पुढे सरकलेले दिसले आणि मी लाइनवर उभ्या उभ्या रडले. ताप होता का त्यांना?

कंपनीची बस रोज आपल्या फाट्यावरून जाते. मी डाव्या बाजूला बसत नाही, तिकडून मळा दिसतो. तात्यांचं मला आता एवढंच कळतं, त्यांनी काय बघितलं ते. म्हणून कोड देते. वैजयंतीशी मला काही घेणं नाही.

गणराज नमस्कार सांगतो. त्याला तू शपथेत धरलं नव्हतंस ना?

तुझी अनू


मळ्यातलं घर
२४ नोव्हेंबर २०२५

अनू पोरी,

व्हय, श्रावनात डेंगू झाला व्हता. सलाइन लावलं. मीच तुला लिवलं न्हाई, उगा तुज्या जिवाला घोर. मासं बघून तुला कळंल ह्ये माज्या ध्यानीमनी न्हवतं.

गनराजला शपथेत धरला न्हवता. त्याच्या नावानं आंघोळबी केली न्हाई. त्यो आमचा कोनीच न्हवता तवा.

कोड बसला. रुपालीनं आकडं दाबलं, मी पदर तोंडात धरून उभी ऱ्हायले, तुजा आवाज फोनातनं बाहीर येत व्हता. बारीक झालाय आवाज. जेवतीस का?

शुक्रवारी साडेसातला समदी आळी आमच्या सोप्यात. आठच्या आठ भाग एकदम आलेत म्हनं. ह्ये काय नवीनच. जुनी मालिका चार वर्सं रोज बघितली तवा कुठं ती मेली. कोंडानं सांगून टाकलं, रोज एकच भाग, साडेसातला, पयल्यासारखा. शालनबाईच्या सुनंनं रातोरात आठही भाग मोबाइलवर बघितलेत. तिला कुनी त्वांड उघडू देत न्हाई.

कशी हाय म्हनशील तर अंधार हाय. लाइट गेल्यागत समदं घर. मानसं कुजबुजत्यात, निम्मं ऐकूच येत न्हाई. स्वयंपाकघर आपल्या खळ्याएवढं, पर त्यात सिलिंडर न्हाई का खरकटं पातेलं न्हाई. सासू पॅन्ट घालून पळाया जाती. कुनीच कामाला जात न्हाई आन टेन्शन मातर समद्यांना हाय. एक शिवी आली तवा तुजा बाप मोठ्यानं खोकला. जुन्या मालिकेत एक कप चहा द्यायला तीन दिस लागायचं, पर बघनाऱ्याला इचार कराया येळ मिळायचा.

आन सवत. तिचं अक्षर ऐकायचं न्हाई असा कावळ्याला शब्द दिलाय, तवा ती आली की कोंडा आवाज बंद करायचा आन आमी समद्या भिंतीकडं त्वांड फिरवायचो. नव्या मालिकेत घर तीच चालवती. निम्मा भाग आमी भिंतीकडं बघितला.

एक गोष्ट मातर बरी हाय. मधीच टीव्ही इचारतो, अजून बघताय का म्हनून. ह्या घरात मला कुनी एवढं इचारत न्हाई.

आता खरं ऐक. भागाच्या शेवटी दाराची बेल वाजली. सासूनं दार उघडलं. दारात एक बाई, त्वांड निराळंच, आन म्हनली, मी वैजयंती.

शालनबाईच्या हातातली शेंगांची पाटी खाली पडली. पुढचा भाग आपसूकच चालू व्हाया लागला, तर कोंडानं वायरच उपटली. म्हनला, "हिचा दहावा झालाय. जितीचा दहावा आपुन घातला." आन जेवला न्हाई. जवर ह्याचा निकाल लागत न्हाई तवर दुसरा भाग लागनार न्हाई, असं त्यानं सांगितलंय. बाया लई चिडल्यात.

तुजी आत्या


मोशी
२९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

खूप काळजीत लिहितेय, अक्षर समजून घे.

तात्या बरे आहेत ना? आठवडाभर ते एकच भाग बघतायत. जुन्या मालिकेतला, वैजयंती मरते तो. सोमवारी बघितला, मंगळवारी परत, काल परत. गाडी दरीत जायच्या जरा आधी थांबवतात, मागे घेतात, परत बघतात. आज सकाळी कामावर निघताना बघितलं तर तिथेच थांबलेलं होतं. बसमध्ये बसून मी विचार करत होते, कुणी असं कधी बघतं? जुनं माणूस गेल्याचं दुःख पंधरा वर्षांनी असं वर येतं का? का दुसऱ्याच कुणाचं दुःख आहे ते? मला वाटू नये ते वाटायला लागलंय, आत्या. कदाचित ते माझं असेल.

गणराज म्हणतो, वैजयंतीला परत आणलंय ते लोकांनी पैसे भरून बघावं म्हणून, त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, कशासाठी का असेना, आणली ना परत. त्यावर त्याने उठून चहा केला.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. गणराजची बदली झालीय, गुजरातेत, साणंदच्या प्लांटला. जानेवारीत आम्ही जाणार. मी इथली नोकरी सोडतेय. माझा जीव त्यात नाही अडकलेला. पण तिथली बस आपल्या फाट्यावरून जाणार नाही. मोशीत असताना मी निदान रोज घरावरून जाते. एकदा गेले की मग मी खरंच गेलेली. मला जायच्या आधी एकदा आपल्या सोप्यात बसायचंय. दुसरं काही नको.

तात्या माझ्याबद्दल कधी काही बोलतात का? खरं काय ते सांग, मला बरं वाटावं म्हणून काही रचू नकोस.

अनू


मळ्यातलं घर
८ डिसेंबर २०२५

अनू पोरी,

बोलत न्हाई. खरं सांग म्हनलीस म्हनून लिवलं.

आन तुजा बाप रडत न्हवता गं बये, तपासत व्हता. त्यो इन्स्पेक्शनचा मानूस. कंपनीतनं रिटायर झाला तरी भाजी घेताना वांगं उजेडात धरून बघतो. त्याचं म्हननं, ही वैजयंतीच हाय का दुसरीच कोन, ह्ये आदी ठरलं पायजे. जुन्या वैजयंतीच्या डाव्या कानाखाली तीळ व्हता. ती गाडीत बसती तवा त्यो बराबर दिसतो, म्हनून त्यो तेवढंच मागं घेऊन घेऊन बघत व्हता, भिंग धरून. मग शेवटाला नवीचा पयला भाग लावला, तिचा कान बघितला. तीळ जुळला. त्वांड निराळं, पर अपघातानंतर डाक्टरनं बदललं असं ती स्वताच म्हनती. आठवड्यानं त्यानं भिंग खाली ठिवलं आन म्हनला, पास.

तीच हाय म्हनल्यावर पुढला सवाल. दहावा घातलेलं मानूस जितं आलं तर करायचं काय? आळंदीला गेला, गुरुजींना इचारलं. मालिकेतली हाय ह्ये त्यानं सांगितलं का न्हाई, ठाव न्हाई. गुरुजी म्हनलं, ज्याचं क्रियाकर्म झालंय त्यो परत आला तर त्याला परत जन्माला घालायचं. न्हाऊ घालायचं, पाळन्यात घालायचं, कानात नाव सांगायचं. मग त्यो जित्या मानसांत.

तवा रविवारी, १४ तारखंला वैजयंतीचं बारसं हाय. बायांना हुरूप आलाय, बारसं झालं की दुसरा भाग लागनार.

पोरी, मी चार दिस इचार करतीया. साणंदचं वाचल्यापासनं माजं जेवनात ध्यान न्हाई. कोंडा मानूस वाईट न्हाई, पर त्याला रीत लागती. आता रीत गावलीया. रविवारी पाळना हालला की समद्यांसमोर मी तुजं नाव काढनार. तुजी आय असती तर तिनं कवाच काढलं असतं.

तुजी आत्या


मोशी
१२ डिसेंबर २०२५, स्पीड पोस्टने

आत्या,

नको. हात जोडते, नको.

रुपालीला सकाळपासून फोन करतेय, तिचं अंगणवाडीचं ट्रेनिंग आहे म्हणे, फोन बंद. तात्यांना तू ओळखतेस. चारचौघांसमोर ते एकदा नाही म्हणाले की ते नाही मरेपर्यंत टिकेल. आत्ता निदान त्यांनी नाही म्हटलेलं नाही. तेवढ्यावर मी चार वर्षं काढलीत, पुढचीही काढीन. माझं नाव काढू नकोस.

अनू


मळ्यातलं घर
१८ डिसेंबर २०२५

अनू पोरी,

तुजं पत्र सोमवारी हातात पडलं. बारसं रविवारी झालं.

कसं झालं ते सांगते. पाळना शालनबाईच्या नातीचा. रुपालीनं टीव्हीवरनं वैजयंतीचा फोटो काढला आन चाकनच्या स्टुडिओत मोठा करून आनला. फोटोला कोमट पान्याचा हात फिरवला, कुंची घातली, काजळाची तीट लावली. घुगऱ्या केल्या. मग नाव कोन ठिवनार ह्याच्यावरनं घोळ झाला, कारन मालिकेत वैजयंतीला आत्याच न्हाई. शेवटी शालनबाई म्हनली मी व्हते. तिनं फोटोच्या कानात नाव सांगितलं आन रीतीपरमानं बायांनी तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या. मालिका तीन आठवडं अडकलीया, त्यो समदा राग तिच्या पाठीवर निघाला. अजून वाकून चालती.

कोंडा पाटावर बसून समदं नीट व्हतंय का बघत व्हता. झालं. बाया टीव्हीकडं तोंडं करून बसल्या. त्यानं रिमोट हातात घेतला. तवा मी उभी ऱ्हायले आन म्हनलं, "कोंडा, हिला आपुन मेली समजलो, जिती निघाली, तर परत आनली. आपली अनू तर जितीच हाय. तिच्या नावानं तू आंघोळ केलीस. तिला कवा आनायची?"

तुज्या बापानं माज्याकडं बघितलंसुदिक न्हाई. रिमोट पाटावर ठिवला, टोपी घातली, गाडीला किक मारली आन गेला. दिवं लागल्यावर आला. न्हाई म्हनला न्हाई, हो म्हनला न्हाई. दुसरा भाग लागला न्हाई. आळीतली एकबी बाई माज्याशी धड बोलत न्हाई.

त्यात मंगळवारी टीव्ही परत पांढरा झाला. तुजा कोड संपला. रुपाली फोन घेऊन आली, तर ह्यो दारातच बसलेला. तिला म्हनला, कोड घेऊन ह्या घरात यायचं न्हाई. म्हंजे त्याला समदं ठावं हाय, पोरी. आजचं का पयल्यापासनं, मला सांगता येत न्हाई. तवापासनं त्यो टीव्हीसमोर बसतो आन पांढऱ्या पडद्याकडं बघतो.

तू म्हनलीस तेच झालं असंल. तुजं पत्र दोन दिस आदी मिळालं असतं तरी मी गप बसले असते का, ह्ये मला खरंच ठाव न्हाई. मला तुजी लई सय येती, म्हनून बोलले. दुसरं कारन न्हाई.

साणंदला जायच्या आदी एकदा बशीत डाव्या बाजूला बस. तुजी बस जाती त्या येळंला मी रोज फाट्यावर उभी ऱ्हाईन. बोलनार न्हाई, नुसती उभी ऱ्हाईन.

तुजी आत्या


मु. पो. चाकण
२२ डिसेंबर २०२५

चि. अनिता,

हे पत्र आक्काचं नाही, माझं आहे. पत्ता रुपालीने दिला. आधी ती माहीत नाही म्हणाली. तिच्यावर रागावू नये.

टीव्ही केबलवर चालतो असं मी समजतो, असं आक्का समजते. टीव्ही लावला की पडद्यावर दोन नावं येतात, एक 'अनू' आणि दुसरं 'पाहुणे'. केबलवाला गिऱ्हाइकाला अशी नावं देत नाही. चार वर्षं मी रोज पहिल्या नावावर दाबून बघतोय. दुसऱ्यावर एकदाही दाबलेलं नाही आणि कुणाला दाबू दिलेलं नाही. तुला तिकडे दिसतं हे मात्र मला माहीत नव्हतं, ते काल आक्काने सांगितलं. दिसत होतं हे ऐकून बरं वाटलं. मासे मी अर्धे सोडले कारण ते एकमेकांना खात होते.

बारशाच्या दिवशी आक्काने सर्वांसमोर विचारलं. त्यावर मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी आळंदीला गेलो. गुरुजींना विचारलं, माणूस मेलेलाच नाही आणि त्याच्या नावाने आंघोळ केली, तर विधी कोणता. गुरुजी म्हणाले, मग ती नुसती आंघोळ झाली, त्याला विधी कसला. हे मला पटलं नाही. इन्स्पेक्शनला माझी हयात गेली. मालाला नापासाचा लाल टॅग लावायला एकट्याची सही पुरते, काढायला तिघांची लागते. टॅग आपोआप गळून पडला असं कुठल्या कंपनीत होत नाही. लावताना मी रागात होतो. काढायचीही रीत असते हे मला वैजयंतीमुळे कळलं, नाहीतर असं कुणाला विचारणार होतो. पहिली सही आक्काची, ती तिने चारचौघांत केली. गुरुजींकडे मी परत जाऊन बसलो, तेव्हा ते दमून हो म्हणाले, ती दुसरी. तिसरी या पत्राखाली आहे.

रविवारी, २८ तारखेला सकाळी तुझं बारसं आहे. आक्काने तुझ्या मापाची कुंची शिवायला घेतली आहे, कापड कमी पडलं ते मी चाकणहून आणून दिलं. पाळण्यात तू मावणार नाहीस, झोपाळ्यावर बसायचं. नाव ठेवायचा मान आत्याचा. नाव बदलायचं नाही, ते मी विचारून घेतलं आहे. आत्याला बुक्क्या बेताने घालाव्यात असं बायांना सांगितलं आहे.

गुरुजींचं म्हणणं पडलं की परत जन्मलेल्याचं लग्नही परत लावावं लागतं. नवरा तोच चालतो. तेव्हा गणराजरावांना घेऊन ये. त्यांचे आईवडील आले तर आनंद आहे, जेवणाची सोय मळ्यात केली आहे. मागच्या वेळी मला बोलावलेलं नव्हतं, या वेळी मी आहेच.

आक्काला शपथेतून मोकळं केलं. तेव्हापासून ती सारखी बोलते आहे, तू समोर नसलीस तरी. फाट्यावर उभं राहायची आता गरज नाही असं सांगितलं, तरी रोज जाते.

दुसरा भाग आळीत अजून कुणी पाहिलेला नाही. शालनबाईची सून धरायची नाही. बारसं झालं की पहिल्यापासून लावू. रोज एक, साडेसातला, असे आठ भाग आहेत. तेव्हा उभ्या उभ्या येऊन जायचं नाही, आठ दिवसांचे कपडे आणावेत. सवत आली की भिंतीकडे तोंड करायचं आहे, ते गणराजरावांना वाटेत समजावून सांग.

कोड संपलेला आहे. तो इथे आल्यावर तुझ्या हाताने घाल.

साणंदचं आक्काकडून कळलं. तिथे गेल्यावर दर दोन आठवड्यांनी टीव्ही परत कोड मागेल. तो रुपालीला द्यायचा नाही, मी स्वतः फोन करीन. कोड पंधरा मिनिटं चालतो म्हणतात. तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.

तात्या